बेकआत्याचा बटाटा

आमची बेकआत्या स्वयंपाक बघून करत नसे, ऐकून करायची. निखाऱ्यांवर पातेलं चढवलं की ती शेजारी उकिडवी बसायची, पदर कानामागे खोचायची, मान तिरकी करून डावा कान झाकणाकडे धरायची आणि डोळे मिटायची. त्या वेळी कुणी बोललं की खेकसायची, "गप बसा रं! बटाटा काय म्हणतोय ते ऐकू द्या." आम्ही पोरं तोंडावर हात ठेवून हसायचो. आत पांढऱ्या रश्शाची खदखद चालायची, मग ती बारीक व्हायची, मग नुसती चुरचुर, आणि मग काहीच नाही. "आधी भांडतो, मंग कुरकुरतो, मंग गप ऱ्हातो. गप झाला की काढायचा. नवऱ्यासारखंच हाय," असं म्हणून ती झाकण उचलायची. वर तांबूस, फुगलेली, कडेला करपायच्या बेतात आलेली चीजची साय. त्या दिवसांत एकदासुद्धा जळलं नाही, एकदासुद्धा कच्चं राहिलं नाही.

प्रत्येक घरात एक आत्या किंवा मावशी अशी असतेच, जिचं खरं नाव रेशनकार्डात असतं आणि घरात तिला पदार्थाच्या नावानं ओळखतात. तुमची कुणी पुरणपोळीवाली असेल, कुणी लोणच्याची काकू असेल. आमची बेकवाली होती. आमच्या निमोण्यासारख्या गावात, जिथं चीज म्हणजे काय हे निम्म्या लोकांना टीव्हीवर बघून माहीत, तिथं बटाट्याचा बेक करणारी आत्या असणं म्हणजे थोडं मिरवण्यासारखंच होतं. मी शाळेत मिरवलेही. "आमच्या आत्याला इंग्रजी भाजी येते," असं सांगून मी एका मुलीकडून आठवडाभर बोरं खाल्ली होती.

ती शिकली दौंडला. मामा, म्हणजे तिचे यजमान, रेल्वेत पॉइंट्समन होते. कॉलनीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. कॉलनीच्या पलीकडच्या टोकाला मोठ्या बंगल्यांची ओळ, तिथं एका रिटायर गार्डची म्हातारी बायको एकटी राहायची. फुलाफुलांचा गाऊन घालणारी, हिंदी-इंग्रजीची खिचडी बोलणारी. सगळे तिला मिसीआजी म्हणायचे. आत्या तिच्याकडे स्वयंपाकाला जायची. मिसीआजीनं तिला बटाट्याच्या चकत्या कशा लावायच्या, मैदा लोण्यात कसा परतायचा, दूध कसं ओतायचं हे शिकवलं. आत्यानं त्या व्हाइट सॉसचं नाव ठेवलं पांढरं पिठलं. "पिठलंच हाय, नुसतं गोरं," ती म्हणायची.

पण मिसीआजीचा बेक तिला पटला नव्हता. "म्हातारीचा बेक आजाऱ्याला द्यायचा. मीठ आन् मिरी, बास. खाल्ला का न्हाई तेच कळत न्हाई." म्हणून आत्यानं तळाला हिरव्या मिरचीचा, लसणाचा खर्डा लावला. वर पावाच्या चुऱ्याऐवजी टोस्ट चुरून टाकला. ओव्हन नव्हताच, तर जर्मनच्या जाड पातेल्याला खाली निखारे, झाकणावर निखारे. पुढं मिसीआजी गेली तेव्हा तिचा तो झाकणाला काच असलेला गोल विजेचा ओव्हन आत्याला मिळाला, पण निमोण्यात ऐन जेवणाच्या वेळी वीज असेल याची खात्री कुणी द्यावी? गावी कायम निखारेच.

बेक करताना तिचा पट्टा चालू असायचा. "बटाटा पाऊण शिजवायचा. पाव त्याचा त्याला शिजू द्यायचा, सगळंच आपुन करायचं नसतं." कुणी भराभर सोलायला लागलं की, "सालीसंगं बटाटा चाललाय तुझा. घाई असंल तर मॅगी कर." आणि थोरल्या आबांनी, म्हणजे माझ्या चुलत आजोबांनी, पहिल्यांदा ताटात बघून "ह्ये काय पिवळं?" म्हणून नाक मुरडलं तेव्हा, "खा आबा. चीज खाऊन कुणी विंग्रज व्हत न्हाई, नुसता जाड व्हतो." आबांनी तीन वेळा घेतलं. "दात न्हाईत त्याला बेस हाय," एवढंच बोलले. त्यानंतर आमच्या घरातलं बारसं, हळद, साखरपुडा, काही म्हणा, बेकशिवाय झालं नाही. आणि बुद्धपौर्णिमेला तर सगळं खानदान निमोण्याला जमायचं. सकाळी वंदना, त्रिसरण-पंचशील, मग खीर आणि बेक. वंदनेच्या वेळीच पोरांची नाकं मागच्या अंगणाकडे असायची.

दौंडहून ती एसटीनं यायची, न्हावऱ्याला गाडी बदलून. मांडीवर कापडात बांधलेलं ते अवजड पातेलं, आत चकत्या. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, खाली ठेवा की." ती म्हणायची, "का? मांडीवरच्या लेकराला तिकीट न्हाई लागत." तिला मूलबाळ नव्हतं. हे वाक्य ती हसत म्हणायची आणि सगळी गाडी हसायची. मीही हसायचे. आता हसू येत नाही.

लेकरू होतं तसं तिला, ते म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आजी लवकर गेली तेव्हा आप्पा पाच वर्षांचे आणि त्यांची आक्का, म्हणजे आत्या, बारा वर्षांची. तिनं त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, आणि लग्न झाल्यावर दौंडला नेऊन दहावी करवली. आप्पा पोस्टात लागले तेव्हा पहिल्या दिवशी ती दौंडहून नुसती त्यांचा शर्ट इस्त्री करायला आली होती म्हणे. आई लग्न करून आली तेव्हा लोकांनी तिला भीती घातली होती, नणंद नव्हे, सासूच आहे ती. पण माझी आई सुमन आणि आत्या यांचं असं जमलं की आप्पाच एकटे पडले. दोघी मागच्या अंगणात बसून जोंधळा निवडत त्यांच्या नकला करायच्या. आई आत्याला आक्काच म्हणायची. माहेरी गेलेली आई दोन दिवसांत कंटाळायची आणि परस्पर दौंडला जाऊन राहायची. नणंदेकडे माहेरपणाला जाणारी दुसरी बाई मी पाहिली नाही.

बारावीनंतर मला कॉलेजला आत्याकडेच ठेवलं. तोवर मामा वारले होते, क्वार्टर सोडून आत्या कॉलनीबाहेर दोन खोल्यांत राहायची. मला ती रंजे म्हणायची. तिच्याकडे राहणं म्हणजे फौजेत राहणं. काही लिहून ठेवायची नाही, सगळं बोटांच्या पेरांवर. घराबाहेर पडताना अंगठा पेरांवरून फिरवायची: बटाटा, दूध, मैदा, लोणी, मिरची, टोस्ट, चीज. सात पेरं झाली की कुलूप. तिच्या हातून काही विसरलं, असं कधी ऐकलं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगतेय.

आता ती पौर्णिमा सांगते. सांगायची म्हणूनच तर लिहायला बसले.

वैशाखातलं ऊन. आत्याकडे तेव्हा फ्रीज नव्हता, चीजचा डबा शेजारच्या बाईंच्या फ्रीजमध्ये ठेवलेला. आत्या पहाटेच्या पहिल्या एसटीनं पातेलं घेऊन पुढं निघाली. मला म्हणाली, "तू नवाच्या गाडीनं ये. निघताना चीज काढ, वल्या फडक्यात गुंडाळ आन् डब्यात घाल. आत्ताच नेलं तर पाणी व्हईल त्याचं." मी म्हटलं हो. आणि मग मी, एकोणीस वर्षांची घोडी, केस मोकळे सोडायचे की वेणी घालायची यात पाऊण तास घालवला. शेवटी वेणीच घातली. स्टँडवर पळत गेले, गाडी सुटता सुटता मिळाली, खिडकी मिळाली म्हणून खूश होते. न्हावऱ्याला उतरले आणि आठवलं. चीज शेजारच्या फ्रीजमध्येच.

परत गेले असते तर तीन वाजले असते. मी गेले नाही. मनात म्हटलं, एक वर्ष चीजशिवाय खातील, कुणी मरत नाही. हे शब्द मी मनात म्हटले होते. ते मला शब्दाशब्दानं आठवतात.

घरी पोचले तर मागच्या अंगणात निखारे फुललेले, पातेल्यात थर लावून तयार. आत्यानं हात पुढं केला, "आण." मी नुसतीच उभी. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती समजली. तेवढ्यात आई खिरीचा डाव घेऊन दारात आली. माझ्या आईचा राग तेव्हा गावात प्रसिद्ध होता, आणि त्या दिवशी पन्नास माणसं घरात. "काय झालं? काय राह्यलं का, आक्का?" आईनं विचारलं.

"चीज राह्यलं बघ," आत्या म्हणाली. "मीच इसरले."

ओसरीवरून आप्पांनी ऐकलं आणि ते मोठ्यानं हसले. "आक्का इसरली? आरं, लिहून ठेवा रं कुणीतरी!" ते आत येऊन गाडीची किल्ली शोधायला लागले. आत्या म्हणाली, "राहू दे रं, उन्हाचा कुठं जातो." आई म्हणाली, "खीर हाय, पुरणपोळ्या हाईत, काय अडलंय?" पण आप्पांना बहिणीची फजिती भरून काढायची हौस. "शिरूरला मिळंल. आत्ता गेलो, आत्ता आलो. आक्के, इस्तू इझू देऊ नको."

मी तिथंच उभी होते. एक वाक्य बोलले असते, "आप्पा, मी विसरले," तर काय झालं असतं? आईनं दोन शिव्या दिल्या असत्या, आप्पांनी मलाच मागं बसवून नेलं असतं, किंवा गेलेच नसते. सांगता येत नाही. मी बोलले नाही, कारण सगळ्या चुलत बहिणींसमोर बोलणी खायची नव्हती. बस्स, एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर मला बरं वाटलं असतं.

शिरूरला जाऊन, चीज घेऊन ते परत निघाले होते. हायवे ओलांडताना ट्रकनं उडवलं. फोन आबांच्या मोबाइलवर आला. घरात एकच कालवा झाला, माणसं गाड्या काढून पळाली, आईला बायकांनी धरलं. आणि आत्या मागच्या अंगणात बसून होती. फोन येण्याआधीही बसलेली, फोन आल्यावरही. चुलीतला एकेक निखारा चिमट्यानं उचलून पातेल्याखाली सरकवत होती. कुणीतरी म्हणालं, "आक्का, उठा आता." ती म्हणाली, "त्यो सांगून गेलाय, इझू देऊ नको म्हणून." पाच वाजेपर्यंत तिनं ते विझू दिले नाहीत. शेवटी आबांनीच पाण्याची बादली ओतली. त्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. तापलेला तवा मी अजूनही पाण्याखाली धरत नाही.

गाडीच्या हँडलला अडकवलेली पिशवी दुसऱ्या दिवशी कुणीतरी आणून दिली. आत चीजचे दोन डबे. एक पुरला असता, त्यांनी दोन आणले होते. डब्यांना साधा पोचासुद्धा नव्हता.

आई आत्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. आप्पांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे उठून गेल्यावर ती आत्यासमोर बसली आणि एवढंच म्हणाली, "आक्का, खीर व्हती की." आत्यानं मान खाली घातली. त्यानंतर आई तिच्याशी बोलली नाही. चौदा वर्षं.

महिन्यानं मी परत दौंडला गेले. आत्या बटाटे सोलत बसलेली. मी रडत म्हटलं, "आत्या, मी आईला खरं सांगते." तिचा हात थांबला नाही. "काय सांगनार? तू सांगितल्यावर त्यो परत येनार हाय का?" मी म्हटलं, "पण तुझ्यावर का?" तेव्हा तिनं सुरी खाली ठेवली. "ऐक. सुमनला नवरा गेलाय. रागवायला कुणीतरी पायजे तिला. माझ्यावर रागावली तर मी दौंडला हाय, लांब. तुझ्यावर रागावली तर तिला लेक बी ऱ्हायची न्हाई, आन् तुला आई. मला माझा भाऊ गेला, आता काय वाचवायचंय? मी हाय तवर बोलायचं न्हाई. घे शपथ." मी घेतली. तिच्या गळ्याला हात लावून घेतली.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की मी शपथ पाळतेय. कसली शपथ नि कसलं काय! दुसरी कुठली शपथ मी एवढी पाळली? ती मला सोयीची होती, म्हणून पाळली.

पुढच्या पौर्णिमेला वाटलं आत्या येणार नाही. आली. पातेलं मांडीवर घेऊन आली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "आत्या, बेक कशाला आणलास? कसं वाटेल?" ती म्हणाली, "बंद केला तर समद्यांना आठवंल का बंद केला. करत ऱ्हायलं की नुसता बटाटा." आणि खरंच, दोन-तीन वर्षांत तो नुसता बटाटा झाला. नवी पोरं जन्मली, त्यांना काही माहीत नव्हतं. ती आत्याभोवती नाचायची, "बेक आला, बेक आला!" मोठी माणसं ताटात घेऊन गुमान खायची. आई आपल्या ताटातला वाटा न बोलता शेजारच्या पोराच्या ताटात टाकायची.

फरक एकच पडला होता. आत्याला आता पातेलं नीट ऐकू यायचं नाही. कान झाकणाकडे लावून बसली की रस्त्यावर कुठंतरी मोटारसायकलचा आवाज हळू व्हायचा, आणि तिची मान तिकडं वळायची. गाडी पुढं गेली की परत झाकणाकडे. पुन्हा गाडी, पुन्हा मान. बुद्धपौर्णिमेला गावात गाड्या काय कमी येतात? एकदा बेक खालून करपला. तिनं करपलेला थर खरवडून काढला आणि कुणाला कळू दिलं नाही. मला कळलं. आईलाही कळलं असावं, कारण ती दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं आत्ता काहीतरी बोलेल. ती आत निघून गेली.

दोघींचं सगळं माझ्यामार्फत चालायचं. "त्यांना म्हणावं, ऊन उतरल्यावर निघा." "तिला म्हन, ह्या वर्साची चिंच चांगली हाय, पाठवते." मी निरोप इकडून तिकडं नेत होते आणि दोन्हीकडून मला "गुणाची पोर" म्हणत होत्या. माझं लग्न झालं, शिक्रापूरला आले, कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि लाल शिक्का मारायचा, हे माझं काम. नशिबाला विनोदबुद्धी असते म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात आत्या आजारी पडली. दौंडच्या एका दवाखान्यात ठेवलं. मी सुट्टी टाकून तिच्याजवळ राहिले. डॉक्टर म्हणाले, वयच झालंय, पातळ काहीतरी देत जा. मी आईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडचा एक पोरगा स्टीलचा डबा घेऊन हजर. आत तांदळाची पेज, वर तुपाचा थेंब, जिऱ्याची फोडणी. डब्याबरोबर निरोप नाही, काही नाही. आत्यानं एक घोट घेतला आणि विचारलं, "सुमननं केली?"

"हो."

"मीठ तिचंच हाय," ती म्हणाली, आणि डबा चाटूनपुसून रिकामा केला. दोन दिवस तिनं माझ्या हातचं काही घेतलं नव्हतं.

पाच दिवस रोज डबा आला. पाच दिवस मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून आईचा नंबर काढायचे. बोलायचं एवढंच होतं, "आई, ये. चूक तिची नव्हती, माझी होती. तू ये." एसटीनं दोन तासांचं अंतर. आई आली असती, धावत आली असती, हे मला माहीत होतं. रोज फोन लावायचे आणि विचारायचे, "उद्या पेज जरा पातळ करशील का?" पाचव्या दिवशी दुपारी आत्यानं माझा हात धरला आणि म्हणाली, "सुमनला सांग, पेज चांगली व्हती. तिला म्हन, हितं यायची दगदग करू नको." सहाव्या दिवशी सकाळी ती गेली. डबा त्यानंतर तासाभरानं आला. अजून गरम होता.

पुण्यानुमोदन दौंडला तिच्याच खोल्यांत केलं. आई आली. चौदा वर्षांनी त्या घराची पायरी चढली. सगळे म्हणाले, बेक कर गं रंजे, तिची आठवण म्हणून. मी त्या गोल ओव्हनमध्ये केला. कान लावून बसले, मला काही ऐकू आलं नाही, शेवटी काचेतून बघून काढला. बरा झाला होता. लोकांनी खाल्ला, डोळे पुसले, गाड्या पकडायला निघून गेले. चारच्या सुमाराला आम्ही दोघीच उरलो. आई आत्याची लुगडी घडी करून ट्रंकेत लावत होती.

मी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, वेणीपासून न्हावऱ्यापर्यंत. काही गाळलं नाही. "आत्या विसरली नव्हती. मी विसरले होते. तिनं माझ्यासाठी अंगावर घेतलं."

आईच्या हातातलं लुगडं अर्धं घडी केलेलं तसंच राहिलं. तिनं विचारलं, "आन् तू गप ऱ्हायलीस?"

"तिनंच शपथ घातली होती, आई. बोलू नको म्हणाली."

"शपथ." आईनं माझ्याकडे पाहिलं. "कवापासून एवढी ऐकायला लागलीस गं तू कुणाचं?"

मी लुगड्याचं दुसरं टोक धरायला गेले, तिनं ते ओढून घेतलं.

"पाच दिस मी पेज शिजवत व्हते," आई म्हणाली. "पाची दिस चांगलं पातळ नेसून तयार व्हते. मनात म्हनायचे, कुनीतरी म्हना, जा. एकानं म्हना. आप्पाला ट्रकनं नेलं, त्याला इलाज न्हाई. आक्काला तू नेलंस माझ्याकडनं." आवाज चढला नाही तिचा. मी पाया पडायला वाकले तर तिनं पाय मागं घेतले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "तू एकटीनं न्हाई. मी बी नेलं. इचारायला काय झालं व्हतं मला? आक्का कवा इसरत न्हाई, हे मला ठावं नव्हतं व्हय?"

मी ओक्साबोक्शी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. रडू दिलं. मग उठली, उरलेलं लुगडं ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाली, "तुझी पाचची गाडी हाय ना? जा. मी हितंच ऱ्हाते चार दिस."

"इथं एकटी काय करशील? घरात कुणी नाही."

"जा तू," ती म्हणाली.

मी गेले. आई चार दिवस म्हणाली होती, बावीस दिवस राहिली. फोन केला की उचलायची, "जेवले, बरी हाय," म्हणायची आणि ठेवायची. शेजारच्या बाईंना विचारलं तर त्या जरा चाचरत म्हणाल्या, "तशा बऱ्या आहेत. पण दिवसभर आतून बोलण्याचा आवाज येतो हो." तेविसाव्या दिवशी ती निमोण्याला परतली, तेव्हा मी शिक्रापूरहून भेटायला गेले. चेहरा उतरला होता, पण शांत होती. मला तिनं चहा दिला, नातवाची चौकशी केली. मी धीर करून विचारलं, "एवढे दिवस काय करत होतीस गं तिथं?"

आईनं कप खाली ठेवला. "लई वर्साचं साठलं व्हतं," ती म्हणाली. "बोलत बसलो व्हतो आम्ही."